वसाहतीतलं हळदीकुंकू

मंदाकिनीला काळजी करायला विषय लागत नसे. नसला तर ती शोधून काढी. तीन वर्षांच्या लेकीला, आशाला, एक शिंक आली की घरात वेखंड, ओवा आणि श्यामराव असे तिघेही कामाला लागत. श्यामरावांची कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा तिने सामानात आधी पाणी उकळायचं पातेलं भरलं आणि मग साड्या.

तरीही तिथल्या मराठी बायकांच्या मंडळात तिच्याइतकं राबणारं कोणी नव्हतं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची एक वसाहत कलकत्त्याहून बजबजला जाणाऱ्या लोहमार्गालगत होती. तिथे मंडळ दर रविवारी दवाखाना चालवी. त्या वर्षी चैत्रात पलीकडच्या गल्लीत देवी आल्या, एक मूल दगावलं. मंडळाने लस आणि डॉक्टर मिळवले, पण टोचून घ्यायला कोणी येईना. शीतलादेवीचा कोप सुईने वाढतो, असं वसाहतीत सगळे म्हणत.

"चैत्राचं हळदीकुंकू करू या," मंदाकिनी म्हणाली. "बायका आल्या की पोरं येतातच."

"आणि पोरं आली की?" मंडळाच्या चिटणीस सुनीतीबाईंनी विचारलं.

"एका हातात डाळ, दुसऱ्या हातावर लस."

कल्पना सगळ्यांना आवडली. रविवारी आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन मंडळ वसाहतीत हजर झालं. मंडळातल्या लीनाताईंनी पत्र्याच्या पेटीवर गौरसुद्धा मांडली. पाच-सहा तरुण सुना आल्या, कुंकू लावून घेतलं, डाळ खाल्ली आणि हसत घरी गेल्या. पोरं काही आली नाहीत.

"अहो मंदाताई," सुनीतीबाई हळूच म्हणाल्या, "इथली निम्मी घरं विधवा चालवतात. हळदीकुंकू म्हटल्यावर त्या कशा येतील? आपल्याला सुचलं कसं नाही?"

समोरच्या दारात पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. तिला सगळी गल्ली ठाकुमा म्हणे, म्हणजे आजी. ती उठल्याशिवाय एकही पोर हलणार नाही, हे दिसतच होतं.

मंदाकिनीने कुंकवाचा करंडा ठेवला, पन्ह्याचा पेला उचलला, बरोबर आणलेल्या आशाला कडेवर घेतलं आणि ती ठाकुमापुढे जाऊन बसली.

"चूक झाली माझी," ती मोडक्यातोडक्या बंगालीत म्हणाली. "हे तुमच्यासाठी आणलंय."

"तुमच्यात विधवांना तहान लागते का, बउमा?" ठाकुमाने विचारलं; बउमा म्हणजे सूनबाई.

"लागते. आम्ही विचारायला विसरतो."

ठाकुमाने पेला तोंडाला लावला, पुरता रिकामा केला आणि आशाकडे बोट दाखवलं.

"हिला टोचलंय?"

टोचलेलं नव्हतं. हिवाळ्यात आशाला खोकला होता, मग दाढ येत होती, मग श्यामरावांच्या आईचं पत्र आलं होतं की पोर अशक्त दिसते. सुनीतीबाई आ वासून बघत राहिल्या.

"खोकला होता," मंदाकिनी म्हणाली.

"माझ्या नातवालाही आहे," ठाकुमा म्हणाली. "त्याचा चालतो, हिचा नाही?"

मंदाकिनी उठली. डॉक्टरांपुढे तिने आशाची बाही वर केली आणि स्वतःचे डोळे घट्ट मिटले.

"बाई, मुलीचा हात द्या," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तुमचाच पुढे केलाय."

गल्लीत हशा पिकला. आशा जराशी किंचाळली आणि डाळीसाठी हात पुढे करून मोकळी झाली. रडत होती ती मंदाकिनी. ठाकुमा काठी टेकत आली, नातवाला पुढे ढकलून म्हणाली, "आधी याला. आणि या आईला कोणीतरी पाणी द्या." मग गल्लीतली पोरं येतच राहिली. कोणाला कुंकू, कोणाला नुसतं पन्हं. डाळ मात्र सगळ्यांना मिळाली.

पुढच्या रविवारी आशाला ताप होता. टोचल्यावर ताप यायचाच, लस लागल्याची ती खूण, या श्यामरावांच्या आणि डॉक्टरांच्या समजावण्याने मंदाकिनीचं समाधान होईना. आशाला श्यामरावांजवळ ठेवून ती वसाहतीत गेली, तर ठाकुमा गल्लीच्या तोंडाशीच उभी.

"तुझ्या मुलीला ताप आला का गं?" तिने घाईघाईने विचारलं.

"आलाय. तुमच्या नातवाला?"

"कालपासून."

"मग ठीक आहे," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि नातवाचं कपाळ बघायला आत गेल्या.