थोरली वहिनी गप हाय

नवी पेठेतला तो रेडिओवाला दुरुस्त केलेला रेडिओ परदेशी स्टेशनवरच्या चार तंतुवाद्यांवर तपासायचा. चारही ऐकू आल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही.

माझ्या रेडिओवर एकानं छेडलेली ओळ बाकीची पाठोपाठ उचलत होती. मी उगाच शहाणपणानं म्हणालो, "ही तऱ्हा फार जुन्या, चर्चमधल्या संगीतातून आलीय."

विडीचा झुरका घेत तो म्हणाला, "आमच्या घरात हेच की! आई जाऊन धा वर्सं झाली, पन चारी सुना तिचंच टोमणं एकीमागं एक मारत्यात."

मग त्यानं कान टवकारले. "तिघीच बोलत्यात. थोरली वहिनी गप हाय."

त्यानं रेडिओ पुन्हा उघडला. बऱ्याच खटपटीनं चौथा, खर्जातला आवाज घुमला. तो ताडकन उभा राहिला आणि त्यानं घाईघाईनं विडी विझवली.