पुढे सरोज, मागे मास्तर

आमच्या चंडीगडच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत, इकडच्या भाषेत बरसातीत, सरोज माने राहायला आली, त्या दिवशी सामानाआधी तिची हाक घरात शिरली. "वैनी, मी आलो हो!"

मी देवापाशी फुलवाती वळत बसले होते. मनात म्हटलं, एवढ्या गोड आवाजाचा हा कोण पुरुष? दारात बघते तर सलवार-कमीज घातलेली, हाताला ग्रीस लागलेली बाई. कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, हे ऐकून होते. पण माझ्या वाईच्या कानांना पचायला जड गेलं. रोज संध्याकाळी खालून हाक यायची, "वैनी, मी जातो हो!" आणि मी रोज वरून ओरडायचे, "जातो काय? घरातून निघताना येते म्हणावं!"

"तोंडाला सवय हाय वैनी. आणि बाईपण काय क्रियापदात असतंय व्हय?"

तिच्या वडिलांचं कागलला मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज. परकरातली सरोज तिथंच गाडी चालवायला शिकली. लग्न झालं ते वामनरावांशी. इतिहासाचे प्राध्यापक, अगदी देवमाणूस, पण रातांधळे. दिवस मावळला की समोरची म्हैस दिसायची नाही. आणि देवाची करणी अशी, की चंडीगडला नोकरी मिळाली ती संध्याकाळच्या वर्गांना शिकवण्याची! तीही हंगामी. म्हणून रोज दिवेलागणीला राजदूत मोटारसायकलवर पुढे सरोज, मागे पुस्तकांची पिशवी पोटाशी धरलेले मास्तर. नवऱ्याला ती मास्तरच म्हणायची. आमच्या सेक्टरातली पोरं त्यांना बघायला गेटवर उभी राहायची.

अठ्ठ्याऐंशी साल होतं. रोजचं वर्तमानपत्र उघडायला हात धजत नसे. खलिस्तानवादी अतिरेकी मोटारसायकलवरून यायचे, मागे बसलेला गोळ्या झाडायचा, आणि गाडी पसार. म्हणून हुकूम निघाला, अंधार पडल्यावर डबलसीट बंद. मागे बाई किंवा मूल असेल तर मात्र चालेल.

पहिल्याच संध्याकाळी नाक्यावर शिपायानं हात केला. बिचारा सभ्य होता. "मॅडम, लेडीज़ पीछे अलाउड है जी. आप दोनों जगह बदल लो."

"बदलता हूँ ना! फिर हमारा मास्तर गाडी सीधा सुखना लेक में डालेगा. चलेगा?"

शिपाई हसला, पण मास्तरांना उतरवलंच. तिथून सरोज गाडी ढकलत आणि मास्तर तिच्या खांद्यावर हात ठेवून, असे दोघं कॉलेजात पोचले तेव्हा वर्ग उठून गेला होता. अंधारात रिक्षावाले यायला तयार नसत. असं वारंवार झालं. शेवटी प्राचार्यांनी सांगितलं, महिनाअखेरीपर्यंत काही सोय करा, नाहीतर वर्ग दुसऱ्याला द्यावे लागतील. म्हणजे बाडबिस्तरा बांधून परत कागल.

"सासऱ्याच्या गॅरेजात इतिहासाचा काय उपयोग होईल बरं?" असं मास्तर एकदा हसत म्हणाले. सरोज हसली नाही.

अशात आमच्या मार्केटमधले गुरनामसिंग आले. स्पेअर पार्ट्सचं दुकान, पांढरी दाढी, आवाज नगाऱ्यासारखा. पंजाबची विधानसभा बरखास्त होती, गाऱ्हाणं सांगायला आमदार नव्हते. पण दिल्लीहून दोन खासदार लोकांचं ऐकून घ्यायला येणार होते. रात्री नऊपर्यंत डबलसीट चालू द्या, असं साऱ्या दुचाकीवाल्यांच्या वतीनं सांगायला गुरनामसिंगांनी शिष्टमंडळ जमवलं होतं.

"भैणजी, तुसीं बोलो," ते सरोजला म्हणाले. "हम चार दाढ़ीवाले जाकर मोटरसाइकिल का नाम लेंगे, तो चाय से पहले तलाशी होगी!"

तयारी आमच्या बैठकीत सुरू झाली. आमचे हे खासदार झाले. पाठीशी लोड, डोळ्यांवर माझा चष्मा. सरोजनं पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि सुरू झाली, "नमस्ते जी. मैं मोटरसाइकिल चलाता हूँ."

"किसका भाषण पढ़ रही हैं, बहनजी? पतिदेव का?" हे म्हणाले.

"काय ओ जयंतभावजी! माझंच हाय."

"मग चलाता कसं? तिथं असं बोललीस तर त्यांना वाटेल, वामनरावच गाडी चालवतात आणि तू त्यांचा निरोप सांगतेयस. मग कसली मिळतेय सूट!"

ह्यांचं खरं होतं. मी शिकवणी हातात घेतली. पण सरोजची जीभ घसरून पुन्हा कोल्हापूरलाच जायची. शेवटी मी माझी जपमाळ तिच्या हातात दिली. एका मण्याला एकदा, 'चलाती हूँ'.

"देवाला राग नाही यायचा?"

"नवऱ्याच्या पोटापाण्यासाठी जप करतेस. राग कसला?"

"आणि अंबाबाई कोल्हापूरचीच की," सरोज म्हणाली. "ती काय म्हणत असेल? मी महिषासुर मारला, का मारली?"

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण माळ मात्र तिनं मन लावून ओढली. स्वयंपाक करताना, गाडीचा प्लग पुसताना, वरून पुटपुटणं ऐकू यायचं, चलाती हूँ, चलाती हूँ.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही सरकारी विश्रामगृहात गेलो. मी पर्समध्ये गणपतीचं फूल ठेवलं होतं. दोन खासदार. एक गुबगुबीत, चहात बिस्किट बुडवणारे. दुसरे काटकुळे, म्हातारे, गप्प. शेजारी एक अधिकारी. गुरनामसिंगांनी रात्रपाळीचे कामगार, नर्सा, विद्यार्थी, सगळ्यांची अडचण नीट मांडली. "देखेंगे, देखेंगे," गुबगुबीत म्हणाले. मग सरोज उठली.

"मैं मोटरसाइकिल चलाती हूँ. मेरे पति पीछे बैठते हैं." इतकं शुद्ध, की मला भरून आलं.

गुबगुबीत प्रेमानं हसले. "बहनजी महाराष्ट्र की हैं ना? हिंदी थोड़ी उलट गई. पति चलाते हैं, आप पीछे बैठती हैं. आपको तो छूट है ही!"

"नहीं जी, मैं चलाती..."

"चलाते हैं," त्यांनी दुरुस्त केलं. "पति के लिए चलाते हैं."

झालं! माझं सगळं व्याकरण त्यांच्या चहात बुडालं. मी डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं. तेवढ्यात खण्णकन आवाज झाला. सरोजनं राजदूतची किल्ली बिस्किटांच्या बशीत आपटली होती.

"साहब, मैं चलाता हूँ! मैं! मास्तर को रात में दिखता नहीं. पीछेवाली को छूट दिया, तो पीछेवाले ने क्या पाप किया?"

ते काटकुळे म्हातारे आजोबा जे हसायला लागले, ते थांबेचनात. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "बेटी, राजदूत की किक पैर पर नहीं लगती?"

"लगता है ना. मास्तर हल्दी लगाता है."

त्यांनी अधिकाऱ्याकडे वळून विचारलं, "हुकूम लिखते समय यह किसी ने सोचा था?" अधिकाऱ्यानं मान खाली घालून काहीतरी टिपून घेतलं.

नऊ वाजेपर्यंतची मुभा काही मिळाली नाही. गुरनामसिंग म्हणाले, "साडे हिस्से बिस्कुट ही आए!" म्हणजे आमच्या वाट्याला नुसती बिस्किटंच. पण महिना संपायच्या आत हुकमातलं वाक्य बदलून आलं. आता दोघांपैकी कुणीही एक बाई असली की चालणार होतं. तो कागद मास्तरांनी दिवसाउजेडी दोनदा वाचला आणि पुस्तकांच्या पिशवीत घालून ठेवला. वर्ग त्यांच्याकडेच राहिले.

त्या संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावत होते. खाली किक बसली. एकदा, दोनदा, मग राजदूत फुरफुरली. मास्तर मागे चढले, पिशवी पोटाशी. रस्त्यापलीकडे नाक्याचे दिवे लागले होते.

"वैनी, मी जातो हो!"

"जातो नाही म्हणू, सरोज," मी कठड्यावरून ओरडले. "येतो म्हण. येतो!"