मागे सरकवलेली पेटी

मी कामावर कधी कुणावर ओरडलो नाही. हे सांगताना पूर्वी बरं वाटायचं. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही तेही धड सांगता येत नाही. जमेल तसं सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होतो, नाशिकहून रोज स्कूटरने जायचो. परदेशी जाणारी द्राक्षं तिथे निवडून पेट्यांत भरायची आणि कोल्ड स्टोरेजला लावायची. टेबलांवर सगळ्या बायका. माझ्या आधीचा सुपरवायझर तोंडाचा फार वाईट. एक मणी फुटका दिसला तरी शेड डोक्यावर घ्यायचा. बायकाही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. "ओ साहेब, घसा बसंल, आधी पाणी प्या!" म्हणून हसायच्या आणि चूक दुरुस्त करायच्या. तो गेला, मी आलो आणि शेड शांत झाली. "ह्ये साहेब देवमाणूस हायेत," असं त्या म्हणायच्या. मला ते आवडायचं.

माझी पद्धत अशी, की फिरता फिरता पेटी पाहायची, पसंत नसेल तर टेबलावरच वीतभर मागे सरकवायची आणि पुढे जायचं. काय चुकलं ते त्यांनी ओळखायचं. घरीही तेच. बायको म्हणायची, "नुसतं ताट सरकवता. मीठ कमी समजू की तिखट जास्त?" त्यावरही मी गप्प.

दोन नंबरच्या टेबलाची मुख्य बाई हरसूलकडच्या आदिवासी भागातली होती. त्याच हंगामात ती मुख्य झाली होती. त्या भागातल्या बाईला ही जागा पहिल्यांदाच मिळाली होती. एका दुपारी मी तिची पेटी मागे सरकवली. माझी पाठ वळल्यावर टेबलावर बराच खल झाला म्हणे. घड चांगले, मणी चांगले, वजन बरोबर. मग राहिला तो वर ठेवायचा गंधकाचा कागद. साहेबांना तो उलटा हवा असणार, असं तिने ठरवलं. मला विचारायला कुणी आलं नाही. पुढची एकही पेटी मी सरकवली नाही, कारण कागदाची बाजू मी पाहतच नव्हतो. त्यांची मात्र खात्री पटली.

त्या कागदाची ठरलेली बाजूच द्राक्षांकडे असावी लागते, नाहीतर प्रवासात बुरशी धरते. दोन दिवसांनी मालकांनी कोल्ड स्टोरेजमधली एक पेटी सहज उघडली. मग दुसरी. मग रागारागाने शेडमध्ये आले.

"हे कुणी सांगितलं?"

"साहेबांनी पेटी मागं सारली व्हती," ती म्हणाली.

"सारली म्हणजे? बोलले काय?"

"बोलत नाय ते."

कुणीतरी फिसकन हसलं. मालक माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगितलं होतं कागद फिरवायला?"

"नाही," मी म्हणालो.

ते खरंच होतं. मालकांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

डोक्यावरची टोपी काढून, एप्रनची घडी घालून ती माझ्यापुढे आली. "जाते मी साहेब. पण त्या पेटीत चुकलं काय व्हतं, तेवढं सांगा."

काहीच चुकलं नव्हतं. त्या दुपारी माझ्या हातात चहाचा कप होता. तो टेकवायला जागा हवी म्हणून मी पेटी सरकवली आणि तेवढ्यात आठवलं, शेडमध्ये चहा आणायला बंदी आहे. बंदीची पाटी मीच लावली होती. कप घेऊन तसाच पुढे गेलो.

हे तेव्हा का बोललो नाही? पाटीची लाज, मालकांची भीती, की देवमाणूस राहायचं होतं? इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, तो ओरडणारा असता तर तिचं टेबल राहिलं असतं. मग आठवतं, त्याच्या बोलण्याने एकजण रडत काम सोडून गेली होती, असंही मी ऐकलंय. पुन्हा सगळा गोंधळ.

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मग स्वतःशीच मान हलवली.

"मणी बारीक व्हते व्हय," ती म्हणाली. "बरं." आणि गेली.