परक्या आवाजाच्या खाला

बोलता बोलता खालांचा आवाज बदलायचा आणि समोरच्या बाईच्या हातातला चहा तसाच निवून जायचा. सौदीतल्या कतीफमध्ये त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. शुक्रवारी दुपारी आम्ही काही बायका तिथे जमायचो आणि त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. कोणी रत्नागिरीकडच्या, कोणी माझ्यासारख्या नाशिकच्या. मेलेल्या माणसाची एखादी वस्तू खाला मांडीवर घेत, डोळे मिटत, आणि ते माणूस त्यांच्या तोंडून बोलू लागे. या देशात असल्या गोष्टीला जादूटोणा म्हणतात आणि त्याची शिक्षा देहदंड, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून दाराबाहेर चपला दिसता कामा नयेत, हा त्यांचा पहिला दंडक.

खालांचा नवरा मासळी बाजारात कामाला, मुलगी लग्न होऊन गावी. माणसांना जेवू घालायची त्यांना भारी हौस. मी गेले की सांदणं आणि नारळाचं दूध पुढे येई. मी खात खात माहेरच्या गोष्टी सांगे, त्या ऐकत राहत. आई गेली तेव्हा मला वेळेवर निघता आलं नाही. तिची शाल खालांच्या मांडीवर ठेवली, तर आईच्याच नाशिकच्या बोलीत शब्द आले, "आली नाहीस म्हणून रडू नको. मी वाट पाहत नव्हते." त्यानंतर मला झोप लागू लागली.

खाला म्हणायच्या, "मेलेली माणसं खोटं बोलत नाहीत बाय, पण सगळं खरंही सांगत नाहीत." जिवंत माणसाचं नाव मात्र त्या बैठकीत काढू देत नसत.

एका शुक्रवारी शबाना आपल्या वारलेल्या वडिलांची टोपी घेऊन आली. तिचा नवरा नासिर आम्हा बायकांना आपल्या गाडीतून आणून सोडायचा, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. खालांनी टोपी घेतली, डोळे मिटले, आणि त्यांच्या तोंडून नासिर बोलला. "दार उघडत नाहीये. कोणीतरी बाहेरून ओढा." शबाना खिडकीकडे धावली. नासिर खाली गाडीत बसून फोनवर हसत होता. आम्हीही हसलो, जरा जास्तच. खालांना हसू आलं नाही. टोपी बाजूला ठेवून त्या बराच वेळ स्वतःचा गळा चाचपत राहिल्या, आणि मग त्यांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात, रास तनुराच्या रस्त्यावर धुक्यात नासिरची गाडी उलटली. दारं अडकली होती. लोकांनी ती ओढून उघडली तोवर उशीर झाला होता.

मग कुजबुज सुरू झाली. खालांनी ते नुसतं आधी सांगितलं नाही, त्यांनीच घडवून आणलं, असं लोक बोलू लागले. ते त्यांच्या नवऱ्याच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या मालकाच्या, कानावर गेलं. तो भला माणूस. पोलिसांत न जाता त्याने दोघांना देश कायमचा सोडायचा एक्झिट व्हिसा लावून दिला आणि लवकर निघा म्हणाला.

मी निरोपाला गेले तेव्हा खाला बॅगेवर बसल्या होत्या. मला जवळ बसवून हळू आवाजात म्हणाल्या, "तुला सांगून जाते. सगळे आवाज मीच काढायची. तुझ्या आईचाही. तिचे फोनवरचे निरोप तूच मला ऐकवले होतेस ना, गो बाय?"

मला राग आला नाही, याचंच नवल वाटलं. मी विचारलं, "आणि नासिरचा?"

"तो मी काढला नाही," त्या म्हणाल्या. "मी शबानाच्या बापासारखं बोलायला तोंड उघडलं होतं."

अजून कधीमधी मी खालांच्या गावी फोन करते. त्यांची मुलगी सांगते, अम्मी बरी आहे, स्वयंपाक करते, नातवंडांना खेळवते. फक्त कोणी हाक मारली, की ओ द्यायच्या आधी क्षणभर थांबते. आपल्या तोंडून आता कोण बोलणार आहे, ते तिला आधी बघायचं असतं.