खांद्यावरचा हात

गल्लीतल्या फोटो स्टुडिओवाल्याला सगळे भिंगमामा म्हणत. जुने कृष्णधवल फोटो जोडणं, त्यांवरचे ओरखडे बुजवणं हा त्यांचा धंदा. आणि फोटोत जे दिसतं त्यापेक्षा जे कापलं गेलंय त्यावर जास्त भरवसा ठेवणं हा स्वभाव. "अख्खा फोटो खोटं बोलतो, तुकड्याला ते जमत नाही," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक पावती मागे.

बायकोच्या कपाटात कात्री शोधताना त्यांच्या हाती असाच एक तुकडा लागला. तरुणपणची बायको मोकळी हसतेय, खांद्यावर कुणा पुरुषाचा हात. मनगटावरच्या घड्याळाच्या जरा पलीकडे कात्री चाललेली. आणि हात होता उजवा.

मामांच्या मनात पाल चुकचुकली. उजव्या मनगटावर घड्याळ बांधणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता: शेजारचा डावखुरा फ्रेमवाला. लग्नाआधीपासूनचा दोस्त, रोज चहाला टपकणारा.

त्यांनी भिंग लावलं. काचेवर ऊन पडून तबकडीचा नुसता पांढरा ठिपका झालेला. बोटं मात्र निवांत विसावलेली. परका हात असा विसावत नाही. बायकोचा अर्धा चेहरा उजेडात हसत होता. काळोखातल्या अर्ध्याबद्दल मामांनी वाईटात वाईट ते गृहीत धरलं.

संध्याकाळी फ्रेमवाला घोट घेऊन म्हणाला, "मामा, साखर विसरलात काय?"

"काही लोकांनी या घरात आधीच बरंच गोड खाल्लंय."

फ्रेमवाल्यानं कप अर्धाच ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. म्हणजे मनात चोर आहेच, मामा समजले.

शेवटी त्यांनी तुकडा बायकोपुढे टाकला. "हा हात कुणाचा?"

"जन्मभर फोटो वाचताय. तुम्हीच सांगा."

"डावखुऱ्याचा."

ती हसली, मग हसायची थांबली. "अस्सं! म्हणून त्यांचा चहा बंद झाला होय?"

तिनं तुकडा आपल्या चेहऱ्याशेजारी धरला. तीळ तिच्या उजव्या गालावर होता, फोटोत डाव्या. निगेटिव्ह उलटी घातली की डावं ते उजवं होतं, हे मामा येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत. हा फोटो लग्नानंतरचा पहिला. बटण दाबून, धावत येऊन, ते स्वतःच तिच्याशेजारी उभे राहिले होते. छापलाही त्यांनीच.

"धावत आलात, तोंड हललं," ती म्हणाली. "ते कापलं. हात स्थिर होता, तो ठेवला."

"मग उलटा छापलाय, हे तेव्हाच सांगायचंस ना!"

"वाटलं, तीळ कुठल्या गालावर ते कधीतरी तुमच्याच ध्यानात येईल." तिनं तुकडा कपाटात ठेवला आणि आज प्रथमच कुलूप लावलं. "जा, त्यांना चहाला बोलावून आणा."

मामा खाली मान घालून निघाले. फ्रेमवाल्याच्या दारात पोचले आणि पाय अडला. तीळ कुठल्या गालावर आहे, हे याला ठाऊक असेल?