धुवायला बरं पडतं

बायडाबाई वाघचौरे आमच्या चर्चच्या मंडळीत कशाच्याच अध्यक्ष नाहीत, पण त्यांच्यावाचून प्रभुभोजन होत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टीलच्या ज्या चौसष्ट इवल्या वाट्यांतून आम्हाला प्रभू येशूच्या आठवणीचा द्राक्षरस मिळतो, त्या बायडाबाईच धुतात. मोजून धुतात. एकदा त्रेसष्टच भरल्या, तर खुद्द पाळकसाहेबांना कोटाचे खिसे उलटे करून दाखवावे लागले.

या वाट्या करोनानंतर आल्या. त्याआधी एकच मोठा पेला हातोहात फिरायचा आणि सगळे त्यातूनच घोट घ्यायचे. साथ सरली तेव्हा निम्म्या मंडळीला वाटू लागलं, पेला परत आणावा. उरलेल्या निम्म्यांना वाट्याच बऱ्या वाटत होत्या. पुढे पुढे शेवगावच्या बाजारात भाजी घेतानाही 'तू पेलेवाला की वाटीवाला' अशी विचारणा होऊ लागली. शेजारच्या हिंदू मंडळींना वाटलं, आमच्यात कुणीतरी भांड्यांचं दुकान काढतंय. मी शाळेत मास्तर आणि मंडळीचा चिटणीस. दोन्हीकडे मान डोलवत होतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणत होतो.

पेलेवाल्यांच्या पुढारी मालनबाई, म्हणजे बायडाबाईंची धाकटी जाऊ. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, आणि चर्चमध्ये चाळीस वर्षं पहिल्या चटईवर दोघी शेजारी शेजारी. "प्रभूनं येकच पेला दिला हुता, वाट्यांचा सेट न्हाई," असं मालनबाईंचं म्हणणं. बायडाबाई वाटीवाल्या. का, असं विचारलं की एवढंच म्हणायच्या, "धुवायला बरं पडतं." एका पेल्यापेक्षा चौसष्ट वाट्या धुवायला कशा बऱ्या पडतात, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

जानेवारीच्या वार्षिक सभेत मालनबाई भरात येऊन म्हणाल्या, "आज भाऊजी असते तर पेल्याच्याच बाजूनं उभे ऱ्हायले असते." भाऊजी म्हणजे बायडाबाईंचे यजमान सहादेवराव. मंडळीचे पंच होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. बायडाबाई उठल्या, पदर खोचला आणि निघून गेल्या. तेव्हापासून जावाजावांचं बोलणं बंद. चटईच्या दोन टोकांना दोघी आणि मध्ये दोन पिशव्या. त्याच सभेनं ठरवून टाकलं की मार्चपासून उपासनाच दोन करायच्या, आठ वाजता पेलेवाल्यांची आणि दहा वाजता वाटीवाल्यांची. तो ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहिला. त्या अक्षराची मला आजही लाज वाटते.

म्हणजे फेब्रुवारीचं प्रभुभोजन सगळ्यांचं मिळून शेवटचं. पाळकसाहेब नेहमीचं वाक्य म्हणाले, की कुणाचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करावा, मगच यात भाग घ्यावा. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ते संपेपर्यंत बायका पदर सारखे करतात आणि पुरुष घसा साफ करून घेतात.

मी तबक घेऊन पहिल्या चटईपाशी गेलो. बायडाबाईंनी हात पदराखाली घेतले.

"घ्या की," मी पुटपुटलो.

"न्हाई घ्यायची, मास्तर. माझं जावंशी वाकडं हाय."

हळू बोलायची त्यांना सवय नाही. दारापर्यंत ऐकू गेलं.

मालनबाईंनीही हात मागे घेतला. मागच्या चटईवरच्या बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दुसऱ्या गटातल्या बायकांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. तिच्या शेजारणीनंही तेच केलं. पुरुषांच्या बाजूला आबासाहेबांनी सवयीनं वाटी उचलली होती, ती ओशाळून खाली ठेवली. सगळ्या चर्चभर फिरून मी परत आलो, तेव्हा तबकात चौसष्टच्या चौसष्ट वाट्या भरलेल्या होत्या. आता पुढे काय म्हणायचं, ते पाळकसाहेबांच्या पुस्तकात छापलेलं नव्हतं.

शेवटी मालनबाईंनीच मधल्या पिशव्या बाजूला सारल्या. "आक्का, माझं काय चुकलं ते सांग तरी."

बायडाबाईंनी चटईची एक काडी ओढून काढली. "शेवटचा पेला फिरला, तवा तळाला उरलेलं पंच म्हनून ह्यांनीच प्यालं हुतं. मंग पंधरा दिसांत गेले. त्यानंच झालं का न्हाई, देवाला ठाऊक. पण पेला दिसला की मला ते दिसत्यात."

"आन इतकी वर्सं मला बोलली न्हाईस?"

"प्रभूच्या पेल्याला नाव कसं ठेवायचं, मालन?"

मालनबाई रडल्या. आम्हीही रडलो, समजूतदार चिटणीस सगळ्यात जास्त. मग डोळे पुसून पेलेवाल्यांच्या त्या पुढारी उठल्या, माझ्या तबकातली एक वाटी उचलली आणि तोंडाला लावली.

"थांब," बायडाबाई म्हणाल्या. "समदी पिऊ नको. मला ठेव."

करोनापासून ही बाई लग्नाकार्यातसुद्धा पाणी घरून बाटलीत नेते. तिनं जावेची उष्टी वाटी हातात घेतली.  डोळे मिटले आणि उरलेला घोट घेतला.

वाद मिटला, असं कृपा करून समजू नका. मालनबाई अजून पेलेवाल्या आहेत आणि बायडाबाई वाटीवाल्या. सभेत दोघी कडाडून भांडतात, फक्त एकाच चटईवर बसून भांडतात. दोन उपासनांचा ठराव मात्र फेब्रुवारीतच खास सभा बोलावून रद्द केला, आणि मी तो पट्टी लावून खोडला.

त्या रविवारी तबक दुसऱ्यांदा फिरलं. उपासनेनंतर मी ते रिकामं तबक द्यायला नळापाशी गेलो. एक जाऊ घासत होती, दुसरी विसळत होती. बायडाबाईंनी मला पाहिलं आणि एक वाटी वर करून दाखवली.

"दोघींत मिळून येकच खरकटी झाली. मी म्हणत न्हवते का मास्तर, धुवायला बरं पडतं?"