सीटच्या आतले तीन टाके

माझ्या दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, बाजारात सगळे उस्ताद म्हणतात. मोटारीच्या सीटची कव्हरं शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि हे मी मेहुणा असूनही कबूल करतो. बोलण्याच्या बाबतीत मात्र आनंद आहे. 'हो' आणि 'बरं' या दोन शब्दांवर त्यांनी तीस वर्षं संसार केला. उरलेलं सगळं ताई बोलली.

दुकान म्हणजे एक शटर, आत दोन मशीन, एक लांबलचक टेबल आणि छताला टेकलेले रेग्झीनचे रोल. आत शिरलं की रेग्झीनच्या वासाने डोकं धरायचं. टेबलापाशी ताई. ती डावखुरी, त्यामुळे तिची कात्रीसुद्धा डाव्या हाताची, खास मागवलेली. मी एकदा त्या कात्रीने पाकीट कापायला गेलो, तर कागद नुसता दुमडला. त्यावर दोघं इतकी हसली की मी चहा न पिता निघालो. तेवढा रागीट मी पहिल्यापासूनच आहे. सरकारी कचेरीत अर्ज तपासण्यात जन्म गेला, त्याचा परिणाम असेल.

त्यांचं निम्मं काम एका शोरूमचं. जुन्या गाड्या घ्यायच्या, चकचकीत करायच्या आणि विकायच्या, हा त्या शोरूमचा धंदा. गंमत अशी, की दुकानात गाडी कधी येत नसे. शोरूमवाले सीट सोडवून टेम्पोत घालून पाठवत. दाजी शिवत, टेम्पो परत नेई. सीट कुठल्या गाडीची, तिला काय झालं होतं, हे विचारायची पद्धतच नव्हती. डॉक्टरकडे पेशंटचा नुसता हात पाठवावा, तसला प्रकार. मी एकदा विचारलंही, "दाजी, ही एवढी फाटली कशाने?"

"कुत्र्याने फाडली म्हणे," दाजी म्हणाले.

"आणि ही?"

"तीही."

"गावातली सगळी कुत्री मोटारीतच राहतात वाटतं," मी म्हणालो. दाजी म्हणाले, "बरं."

प्रत्येक कामावर दुकानाची एक खूण असे. शिलाई संपते त्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, लाल दोऱ्याचे तीन टाके. काम उसवून परत आलं, तर आपलंच आहे का हे कळावं म्हणून. मी ते शेकडो वेळा पाहिले होते, पण नीट पाहिले असं म्हणता येणार नाही.

ताईचे गुडघे गेले तेव्हा गाडीचा विषय निघाला. रेग्झीनचा रोल घेऊन बसमध्ये चढणं तिला जमेना. दाजी कुठे जाणार? शोरूमलाच गेले. सोबत ताई आणि मी. तिथल्या विक्रीवाल्याला आम्ही टायवाला म्हणायचो, कारण उन्हाळ्यातही त्याचा टाय गळ्यापासून हलत नसे. त्याने दाजींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि छातीवर हात ठेवला. "उस्ताद, तुम्हाला मी वाईट गाडी देईन का?" अपघात झालेला नाही, असं छापील कागदावर शिक्क्यासकट लिहून दिलं. तो कागद मी दोनदा वाचला. शिक्का नीट होता, सही नीट होती. माझं समाधान व्हायला तेवढं पुरतं.

तरी तीन गाड्यांमधून ती राखाडी गाडी निवडली ताईने. बाकीची माणसं इंजिन ऐकतात, टायर दाबतात. ही पुढच्या सीटवर बसली, कव्हरची कड उलटी केली आणि लहान मुलीसारखी ओरडली, "अहो, ही आपली! आपली खूण आहे बघा. हीच घेऊ." दाजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू! आपल्या हातचं काम ज्या गाडीत आहे ती गाडी वाईट कशी असेल? जगात दुसऱ्या कोणी केली नसती ती चूक त्या दोघांनी हसत हसत केली. मीही हसलो.

चार महिने गाडी चांगली चालली. मग एका सकाळी कापड घेऊन परत येताना गल्लीतून एक व्हॅन आली आणि ताईच्या दारावर आदळली. वेग फार नव्हता. दाजींना खरचटलंही नाही. ताईचा डावा हात दार आणि सीट यांच्यामध्ये सापडला. कोपर चुरलं, नसा गेल्या. दोन ऑपरेशनं झाली आणि डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण बोटांत धरायची ताकद येणार नाही. ताईने विचारलं, "सुई?" डॉक्टरांनी मान खाली घातली.

गाडी गॅरेजमध्ये ओढून नेली होती. मेकॅनिकने दाजींना आणि मला बोलावलं. या गाडीच्या सीटमध्ये दाराच्या बाजूला एअरबॅग असते, धक्का बसला की ती सीटची शिवण फाडून बाहेर येते, हे त्याने समजावून सांगितलं. मग त्याने वरचं कव्हर कापून काढलं. "इथे एअरबॅगच नाही. आधीच्या अपघातात फुटली. शोरूमने रिकाम्या जागी फोम कोंबला, डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा काढून टाकला आणि फाटलेली बाजू शिवून घेतली. हे बघा ठिगळ. शिवणारा कारागीर मात्र पक्का, हं."

ठिगळाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके होते.

दाजींनी त्यांच्यावर तळहात ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हिला सांगू नकोस." इतकी वर्षं ओळखतो त्यांना, पण तसा आवाज कधी ऐकला नव्हता. मला तेव्हा त्यांची दया आली. कुत्र्याने फाडलेली म्हणून जी सीट त्यांनी शिवली, तिनेच बायकोचा हात घेतला. माणसाने हे कुठे ठेवावं?

पण दया संपली की माझा राग सुरू होतो. दाजींना घेऊन शोरूमला गेलो. टायवाला कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाला, "सिस्टिममध्ये अपघाताची नोंद नाही."

"नोंद नाही म्हणजे अपघात झाला नाही?"

"नोंद नाही म्हणजे नोंद नाही, साहेब." मग तो दाजींकडे वळला, टाय सारखा केला, आणि अगदी मायेने म्हणाला, "उस्ताद, सीट शिवली कोणी? तक्रार केलीत तर हे निघणारच ना? मला तुमची काळजी वाटते."

दाजी उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी टायवाल्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयात मी अर्ज दिला. अर्ज कसा असावा तर असा, हे मी स्वतःच म्हणतो. तिथल्या बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "शोरूमचा कागद सांगतो अपघात नाही. तुमच्याकडे पुरावा काय? सीटच्या आतल्या शिलाईचे फोटो आणा आणि शिवणाऱ्याचा जबाब आणा. मग त्यांना सुटका नाही." तारीख दिली, तीन आठवड्यांनंतरची.

दाजी नाही म्हणाले. फोटो नको, जबाब नको, तक्रारच नको. मी समजावलं, हातापाया पडलो, शेवटी ओरडलो. "स्वतःची अब्रू जपताय तुम्ही! ताईच्या हातापेक्षा तुमचं नाव मोठं झालं का?" त्यांनी ऐकून घेतलं. 'हो'ही म्हणाले नाहीत, 'बरं'ही नाही. मशीनवर बसले आणि रिकामीच मशीन चालवत राहिले.

मी भित्रा म्हणालो त्यांना. तोंडावर म्हणालो.

मग मी माझ्या मनाने गॅरेजमध्ये गेलो, त्या ठिगळाचे फोटो काढले आणि दुपारी दाजी दुकानात असताना ताईच्या घरी गेलो. म्हटलं, हिला सगळं दाखवू, ही नवऱ्याला तयार करेल. आयुष्यभर हीच बोलत आली आहे, आताही हीच बोलेल. ताई खिडकीपाशी बसली होती, डावा हात उशीवर ठेवलेला. मी सांगत गेलो. एअरबॅग, फोम, ठिगळ. "शिवलंय दाजींनी, पण त्यांना काय ठाऊक होतं? त्यांनी नुसतं तेवढं येऊन सांगावं." आणि फोन तिच्या समोर धरला.

ताईने फोटो बोटाने मोठा केला.

"हे टाके कुठे कललेत बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. डावीकडे कलले होते. मला त्यात काही कळेना.

"उजव्या हाताचे टाके असे पडत नाहीत, अरे. कोपऱ्यात मशीन पोचत नाही. तिथलं हाताने बंद करावं लागतं. ते काम माझं. पहिल्यापासून माझंच." ती जराशी हसली, कशाला हसली देव जाणे. "ती सीट मीच बंद केली. आणि गाडीही मीच निवडली, नाही का?"

हजारदा त्या दुकानात बसलो, चहा प्यायलो, फुकटचे सल्ले दिले, आणि तिथे कोण काय शिवतं हे मला माहीत नव्हतं. दाजींना गॅरेजमध्येच कळलं होतं. त्यांनी तळहात ठेवला तो स्वतःचं नाव झाकायला नव्हे. त्या कार्यालयात शिवणाऱ्याचा जबाब द्यायचा, तर शिवणारी कोण हे सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं, तिला ऐकावं लागलं असतं. एवढं एकच त्यांना वाचवायचं होतं. आणि ते मी, अर्ज लिहिणारा शहाणा, पाच मिनिटांत मोडून बसलो.

"यांना सांगू नकोस, मला कळलं म्हणून," ताई म्हणाली. "आधीच खचलेत. त्यांना वाटू दे मला माहीत नाही."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तारीख येऊन गेली. आम्ही कोणी गेलो नाही. शोरूमचा टेम्पो एकदा एक फाटकी सीट घेऊन आला. दाजींनी विचारलं, ही कुठल्या गाडीची, कशाने फाटली. टेम्पोवाला म्हणाला, मला काय माहीत. दाजींनी ती उतरवून घेतली नाही. त्यानंतर टेम्पो आला नाही. आता दुकान आठवड्यातून दोन-तीन दिवस उघडतं.

परवा मी गेलो तेव्हा ताई टेबलापाशी बसली होती. उजव्या हातात सुई धरून एका चिंधीवर टाके घालत होती. पहिलीतल्या मुलाच्या अक्षरासारखे, वेडेवाकडे. दाजी मशीनवर बसून तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. डाव्या हाताची ती कात्री खिळ्याला टांगलेली होती.

निघताना दाजी शटरपर्यंत सोडायला आले. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "हिला अजून काही माहीत नाही. तुझ्यामुळे. तुझे उपकार आहेत."

मी छातीवर हात ठेवला. "मी सांगेन का, दाजी?" म्हणालो. टायवाला म्हणायचा, अगदी तसंच.